लेबर रूममध्ये पहिली नोकरी: फ्रेशर नर्सेसचे नेहमीचे प्रश्न

लेबर रूम, पीएनसी (बाळंतपणानंतरचा वॉर्ड), एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), म्हणजे आई आणि बाळाच्या वॉर्डात पहिली नोकरी हवी असलेल्यांचे तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी लेबर रूमवाली, इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्यामुळे माझी मतं जरा ठाम आहेत ते चालवून घ्या. खाली जे आकडे दिलेत ते तयारीसाठी, प्रत्यक्ष पेशंटपाशी उभं असताना तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉलच फायनल.

फ्रेशरला डायरेक्ट लेबर रूम मिळते का?

मिळते. पण मागणाऱ्या खूप आणि जागा थोड्या, त्यामुळे अर्ज टाकला आणि झालं असं होत नाही. काही हॉस्पिटलं नव्या नर्सेसची बॅचच घेतात आणि पद्धतशीर शिकवतात, काही ठिकाणी अनुभवाशिवाय फाईल उघडतसुद्धा नाहीत. जाहिरातीत ‘अनुभव असल्यास प्राधान्य’ असेल तर बिनधास्त टाका. ‘अनुभव आवश्यक’ असेल तर आधी फोन करून विचारा की नवीन लोकांची बॅच कधी निघते, कारण बऱ्याचदा ती पासआउट व्हायच्या आधीच निघते आणि आपण रिझल्टची वाट बघत बसलेलो असतो तोवर ती भरूनही जाते.

पण जागा एवढ्या कमी का असतात?

एक तर इथून लोक सहसा जात नाहीत, लेबर रूममध्ये रुळलेली सिस्टर वर्षानुवर्षं तिथेच असते. दुसरं म्हणजे युनिट लहान असतं. आणि खरं कारण तिसरं, की नवीन मुलीला इथे शिकवणं महाग पडतं. जनरल वॉर्डात नवीन सिस्टरला थोडे सोपे पेशंट देऊन हळूहळू वाढवता येतं, इथे सोपा पेशंट असा नसतोच. आता हसत बोलणारी बाई दहा मिनिटांनी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असू शकते. त्यामुळे काही महिने एक अनुभवी सिस्टर तुमच्या मागे उभी ठेवावी लागते आणि तेवढ्या काळात तुम्ही दोघी मिळून एकीचंच काम करत असता. शिवाय पेशंट एक दिसला तरी जीव दोन असतात, आणि त्यातल्या एकाची खबर फक्त ठोक्यांवरून कळते.

म्हणून घेणाऱ्याच्या मनात मार्कांचा विचार नंतर येतो. त्यांना एवढंच बघायचं असतं की रात्री तीन वाजता काहीतरी बिनसलं तर ही मुलगी वेळेत हाक मारेल का, की आपल्याला नाही जमलं असं वाटेल म्हणून गप्प बसेल. खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील, तेव्हा कंटाळू नका.

आधी वर्षभर मेडिसिन-सर्जरीला काढलंच पाहिजे का?

यावर सिनियर लोकांत दोन गट आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी अडून बसलेत. माझं मत असं की ‘काढलंच पाहिजे’ हे खरं नाही. मेडिसिन वॉर्डात वेळ सांभाळणं, आयव्ही, औषधं, डॉक्टरला फोन करणं, नातेवाइकांशी बोलणं हे पक्कं होतं आणि ते कुठेही उपयोगी पडतं. पण लेबर रूमचं मूळ काम, म्हणजे कळा हाताने मोजणं, ट्रेस (बाळाच्या ठोक्यांचा मशीनवरचा आलेख) वाचणं, पीव्ही करून, म्हणजे आतून बोटांनी तपासून, गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलंय ते सांगणं, हे तिथे कोणी शिकवत नाही, ते शून्यापासूनच शिकावं लागतं. थेट लेबर रूम मिळत असेल आणि ट्रेनिंग नीट असेल तर घ्या. ट्रेनिंगच्या नावाने दोन आठवडे फिरवून तिसऱ्या आठवड्यात एकटीला नाइटला टाकणार असतील तर त्यापेक्षा वर्षभर मेडिसिन परवडलं.

लेबर रूम नाहीच मिळाली तर कुठून शिरता येतं?

पीएनसी वॉर्ड सगळ्यात जवळचा, आणि त्याला उगाच कमी लेखतात. बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव वॉर्डात आल्यावरही होतो, बीपी डिलिव्हरीनंतरही चढतं, झटकेसुद्धा बाळंतपणानंतर येऊ शकतात. तिथे पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल हे ओळखायला शिकता, पॅड बघायला शिकता, बाळाला छातीला लावायला शिकता. हे सगळं लेबर रूमचंच काम, फक्त थोडं पुढचं.

एनआयसीयूचं वेगळं आहे. तिथे काम केलेली सिस्टर बाळाच्या बाबतीत पक्की होते, पण आईची सवय सुटते, आणि खरं सांगायचं तर एनआयसीयूला गेलेल्या बऱ्याच जणी परत येतच नाहीत, त्यांना तेच आवडायला लागतं. तेव्हा एनआयसीयूला नुसती पायरी समजून जाऊ नका, तिथल्या इन्चार्जना ते लगेच कळतं आणि आवडत नाही. गायनॅक ओटी केली तर सिझेरियनची तयारी हातात बसते. एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीला, दगदग कमी असते पण हाय रिस्क कसं ओळखायचं ते तिथेच कळतं. इमर्जन्सीला पण भाव आहे, कारण तिथून आलेली मुलगी घाबरत नाही असा समज आहे, आणि बहुतेक वेळा तो खरा असतो.

एक नक्की करा. त्याच हॉस्पिटलमध्ये शिरा जिथे पुढे लेबर रूम हवीय. आतल्या माणसाची बदली करणं बाहेरच्याला घेण्यापेक्षा सोपं असतं. आणि जॉइन होतानाच विचारून ठेवा की किती महिन्यांनी बदलीचा अर्ज करता येतो.

अजून शिकतेय, आत्तापासून काय करू?

पोस्टिंगचा उपयोग करा. लेबर रूमच्या पोस्टिंगला अर्ध्या मुली भिंतीला टेकून उभ्या असतात, डिलिव्हरी ‘बघतात’, केसबुक भरतात आणि जातात. तुम्ही बाईच्या डोक्यापाशी उभ्या राहा. तिचा हात धरा, कळ कधी सुरू झाली आणि कधी संपली ते पोटावर हात ठेवून मोजा, मग मशीनवर काय दिसतंय ते बघा. दहा मिनिटांत किती कळा आणि प्रत्येक किती सेकंद, एवढंच रोज लिहायला लागलात तरी इन्चार्ज सिस्टरचं लक्ष जातं. ती स्वतःहून हाक मारून दाखवायला लागते, ‘ये, हे बघ, पाणी हिरवट गेलंय, आता आपण काय करणार?’ ही हाक आली की समजा तुमचं नाव तिच्या लक्षात राहिलं.

शेवटच्या वर्षात पोस्टिंग निवडायची सोय असेल तर तिथेच मागा. नर्सिंग असिस्टंट म्हणून पार्टटाइम काम मिळत असेल तर ते करा, बेडपॅन आणि चादरीच बदलाव्या लागतील, पण युनिट तुम्हाला ओळखायला लागतं. आणि निघताना इन्चार्जना सरळ सांगा की मला इथे काम करायचंय. बऱ्याच जणी हे कधी बोलतच नाहीत, समोरच्याला आपोआप कळेल असं धरून चालतात.

वशिला लागतो का?

ओळख लागते, वशिला नाही. फरक असा की वशिल्यात तुमच्याबद्दल कोणीतरी फोन करतं, ओळखीत इन्चार्जला तुमचं काम आठवतं. ओळखीचं वजन जास्त. निदान मी जिथे जिथे बसले तिथे तरी.

कोणते कोर्स करून ठेवू?

बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाचा कोर्स) हवाच, त्यात चर्चा नाही. त्यानंतर नवजात बाळाच्या रिससिटेशनचा, म्हणजे त्याचा श्वास सुरू करून देण्याचा कोर्स, एनआरपी किंवा तुमच्याकडे जो मान्य असेल तो. लेबर रूमसाठी अर्ज करणाऱ्या फ्रेशरकडे हा असला की फाईल वर येते, कारण नाहीतर हॉस्पिटलला तो करून घ्यावाच लागतो. तिसरा फीटल मॉनिटरिंगचा बेसिक कोर्स, ट्रेस वाचायचा. हे तीन पुरेत.

एसीएलएस (बीएलएसच्या पुढचा कोर्स) पण लागेल का, लॅक्टेशनचा (स्तनपानाचा) डिप्लोमा करू का, डूला (बाळंतपणात बाईला आधार देणारी सोबतीण) ट्रेनिंग घेऊ का, असं पुढे विचारतात. केलात तर वाईट नाही, पण फ्रेशर असताना सहा सर्टिफिकेटं आणि हातात शून्य काम अशी फाईल विचित्र दिसते. पैसे घालवायच्या आधी विचारा, बरीच हॉस्पिटलं जॉइन झाल्यावर स्वतः करून घेतात. आणि सर्टिफिकेट लावलंय म्हटल्यावर त्यावर प्रश्न येणारच. एनआरपी लिहिलंय आणि ‘बाळ रडलं नाही, आता काय’ यावर तोंड बंद, असं झालं तर ते सर्टिफिकेट नसतं तर बरं झालं असतं.

रेझ्युमेत नेमकं काय लिहू? अनुभवच नाही.

अनुभव आहे, तुम्ही तो लिहीत नाही. ‘लेबर रूम पोस्टिंग पूर्ण केले’ या ओळीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा की पोस्टिंगमध्ये किती डिलिव्हरींना असिस्ट केलं, किती स्वतः घेतल्या देखरेखीखाली, पार्टोग्राफ (बाळंतपणाची प्रगती नोंदवायचा तक्ता) भरला का, सिझेरियनला बाळ रिसीव्ह केलं का, मॅग्नेशियम (झटके टाळायचं औषध) चालू असलेला पेशंट सांभाळला का, युनिट किती मोठं होतं. आकडे केसबुकातून घ्या, खरेच घ्या. फुगवलेला आकडा दोन प्रश्नांत फुटतो.

एका पानात बसवा. ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ काढून टाका, सगळ्यांच्या फाईलवर तेच असतं. कव्हर लेटरमध्ये हॉस्पिटलचं नाव बरोबर लिहा, दुसऱ्याचं नाव राहून गेलेली पत्रं खरंच येतात आणि ती टेबलावर एकमेकींना दाखवली जातात.

‘मला बाळं खूप आवडतात’ असं सांगितलं तर?

नका सांगू. म्हणजे आवडत असतील, छानच आहे, पण लेबर रूमच्या सिस्टरचा बाळाशी संबंध थोडा वेळच असतो, बाकी सगळा वेळ ती कळांनी कळवळणाऱ्या बाईपाशी असते. हे वाक्य ऐकलं की समोरच्याला वाटतं हिला काम माहीत नाही. त्यापेक्षा पोस्टिंगमधला एक प्रसंग सांगा जिथे तुम्हाला हे काम करावंसं वाटलं. एका मुलीने सांगितलं होतं की बाई घाबरून पाय आखडत होती, कोणाचंच ऐकत नव्हती, मी तिच्या तोंडाजवळ जाऊन हळू आवाजात फक्त श्वास मोजायला लागले आणि चौथ्या कळेला ती माझ्याबरोबर मोजायला लागली. बस. तिला पुढे आवड आहे का असं कोणी विचारलंच नाही.

इंटरव्ह्यूला काय विचारतात?

हा भाग लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात नेहमीचीच, स्वतःबद्दल सांगा, हेच युनिट का, कधी कोणाशी वाद झाला होता का. खरा इंटरव्ह्यू सुरू होतो ‘समजा’ या शब्दापासून. समजा डिलिव्हरीला अर्धा तास झाला, पेशंट म्हणते मला कसंतरीच होतंय, पॅड भिजलाय. काय कराल? इथे फ्रेशर दोन चुका करतात. एक म्हणजे पुस्तकातली व्याख्या सांगत बसतात की ५०० मिलीपेक्षा जास्त रक्तस्राव म्हणजे पीपीएच. दुसरी म्हणजे ‘डॉक्टरांना कळवीन’ एवढं बोलून थांबतात. तुम्ही बेडपाशी आहात असं समजून बोला. मी पेशंटला सोडून जाणार नाही, मदतीसाठी हाक मारीन किंवा बेल दाबीन, एक हात पोटावर ठेवीन. गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं घट्ट लागायला हवं, मऊ लागलं तर चोळायला सुरुवात करीन, लघवीची पिशवी (मूत्राशय) भरलीय का बघीन कारण भरलेली असली की गर्भाशय आकुंचन पावत नाही, पल्स-बीपी, जाड आयव्ही लाइन, ऑर्डर किंवा प्रोटोकॉलप्रमाणे ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायला देतात ते औषध). घट्ट असूनही रक्त येतंय तर कुठे फाटलंय का, वारेचा तुकडा आत राहिलाय का, गुठळी बनतेय की नाही, हे डोक्यात यायला हवं. हेच ते चार ‘टी’, टोन, ट्रॉमा, टिश्यू, थ्रॉम्बिन, आणि त्यात टोन सगळ्यात जास्त वेळा सापडतो.

इथे एक गोष्ट बोललात तर समोरचा सरसावून बसतो. रक्त डोळ्यांनी मोजू नका. नजरेचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी भरतो, चादरीत आणि पॅडमध्ये किती मुरलंय ते दिसत नाही. भिजलेला पॅड वजनकाट्यावर ठेवा, कोऱ्या पॅडचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. बाईच्या खाली खुणा असलेली कलेक्शन बॅग लावतात तिचंही कारण हेच. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात अशी बॅग लावून लवकर ओळखणं आणि उपचार एकदम एकत्र सुरू करणं असं केल्यावर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. आणि बीपी नॉर्मल आहे म्हणून गाफील राहू नका, गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं त्यामुळे बीपी उशिरा पडतं, पल्स आधी वाढते. ट्रॅनेक्झामिक ॲसिडबद्दल (रक्तस्राव थांबवायचं औषध) विचारलं तर लक्षात ठेवा, डिलिव्हरीपासून ३ तासांच्या आत.

दुसरा हमखास प्रश्न ठोक्यांचा. नॉर्मल ११० ते १६०, हे सगळ्यांना येतं. ठोके कळ सुरू झाल्यानंतर उशिरा पडायला लागतात आणि कळ ओसरल्यावरही उशिरा सावरतात, याला काय म्हणाल आणि काय कराल? लेट डिसेलरेशन, वारेकडून बाळाला ऑक्सिजन कमी पडतोय असा संशय. कुशीवर वळवा, ऑक्सिटोसिनचं ड्रिप चालू असेल तर प्रोटोकॉलप्रमाणे बंद, कळा खूप जवळ येतायत का बघा, म्हणजे दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त, बीपी घ्या, आणि हाक मारा. ‘थोडा वेळ बघते’ हे उत्तर देऊ नका.

मॅग्नेशियमचा प्रश्न विचारला नाही असा इंटरव्ह्यू मला आठवत नाही. प्रीएक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार) पेशंटला मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे, दर तासाला काय बघाल? गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास मिनिटाला किती, लघवी किती. रिफ्लेक्स आधी जातो, श्वास नंतर मंदावतो, म्हणून रिफ्लेक्स गेला की पुढचा डोस नाही. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, तो बेडपाशी तयार. डोकं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, छातीखाली दुखणं ही तक्रार आली की ॲसिडिटी समजून सोडायची नाही. बीपी १६०/११० झालं तर ती इमर्जन्सी, परत पंधरा मिनिटांनी बघू आणि मग दुपारच्या राउंडला सांगू असं नसतं.

बाळ रडलं नाही तर? पुसा, गरम ठेवा, पाठ चोळून उत्तेजन द्या, आणि तरी श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास द्यायला सुरुवात. यालाच गोल्डन मिनिट म्हणतात. बऱ्याच जणी इथे अपगार स्कोअर (जन्मल्यावर बाळाची स्थिती मोजायचे गुण) सांगायला लागतात. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये तो काढला, तो पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला लिहायचा, पण श्वास द्यायचा की नाही हे ठरवायला स्कोअरची वाट बघत बसलात तर ते मिनिट गेलं.

खांदा अडकला तर फंडसवर, म्हणजे पोटाच्या वरच्या बाजूला, दाबायचं नाही. हे एक वाक्य पाठच करा. डोकं बाहेर आल्याची वेळ मोठ्याने सांगा, हाक मारा, बाईचे पाय पोटाकडे ओढा, सांगतील तेव्हा ओटीपोटाखालच्या (प्यूबिक) हाडाच्या वर दाब. नाळ आधी बाहेर आली तर ती आत ढकलायची नाही, हात आत ठेवून बाळाचं डोकं नाळेवरून वर उचलून धरायचं आणि ओटीत पोचेपर्यंत तो हात काढायचा नाही. असं हात घालून ट्रॉलीवर चढून ओटीपर्यंत गेलेल्या सिस्टर प्रत्येक लेबर रूममध्ये सापडतात.

पार्टोग्राफ अजून चालतो का, असं विचारून बघतात कधीकधी. सांगा की डब्ल्यूएचओने २०२० मध्ये लेबर केअर गाइड आणला, त्यात ॲक्टिव्ह लेबर ५ सेंटीमीटरपासून धरतात, आधी ४ धरायचे. तुम्ही ज्यावर शिकलात ते सांगा, नवीन माहितीय हेही सांगा.

आलं नाही तर? ‘हे मी केलेलं नाही, पण मी आधी अमुक बघीन आणि अमुक जणांना बोलावीन’ हे उत्तर चालतं. थापा चालत नाहीत.

डॉक्टरांना फोन कसा करायचा, हेही विचारतात म्हणे?

हो, कधीकधी तिथेच करून दाखवायला लावतात. एसबार पद्धत वापरा, म्हणजे आत्ता काय चाललंय, मागची माहिती, तुम्हाला काय वाटतं, आणि काय हवंय. ‘मॅडम, बेड चारची पेशंट जरा बरी नाही वाटत’ असा फोन केला तर समोरून ‘बरं, लक्ष ठेव’ येणार आणि फोन बंद. त्याऐवजी, ‘मॅडम, बेड चार, पहिलटकरीण, ७ सेंटीमीटर, गेल्या पाच कळांत प्रत्येक वेळी ठोके ९० पर्यंत पडतायत, कुशीवर वळवलंय, ड्रिप बंद केलंय, तुम्ही आत्ता येऊन बघा.’ शेवटचं वाक्य विसरू नका. अर्धे फोन त्याच्याशिवायच संपतात.

बाळ गेलेलं असतं तेव्हा काय करायचं? हा प्रश्न विचारला तर काय बोलू?

विचारतातच, आणि विचारायलाही हवा. लेबर रूम म्हणजे आनंदाची जागा एवढंच डोक्यात असलेल्या मुली पहिल्या मृत जन्मानंतर कोलमडतात. उत्तर पाठ करू नका. एवढं माहीत असू द्या की अशा आईलाही कळा तशाच येतात, तिलाही तेवढीच काळजी आणि वेदनाशामक लागतं, आणि नंतर दूधही येतं, ज्याबद्दल तिला आधी सांगावं लागतं नाहीतर ते तिच्यावर कोसळतं. बाळाला बघायचंय का, हातात घ्यायचंय का हे विचारायचं, आग्रह नाही करायचा आणि तिच्या वतीने ‘नको’ही ठरवायचं नाही. ‘जाऊ दे, दुसरं होईल’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधी निघू नये. आणि तुम्हाला रडू आलं तर आलं.

मी मुलगा आहे, अर्ज करू का?

करा. काही युनिट घेतात, काही टाळतात, आधीच फोन करून विचारलंत तर वेळ वाचतो. एनआयसीयू आणि ओटीत अडचण कमी येते. इंटरव्ह्यूला विचारलं की पेशंटने नको म्हटलं तर, तर सरळ सांगा की तिची इच्छा आधी, मी सहकारी सिस्टरशी पेशंट बदलून घेईन. उगाच समानतेवर भाषण नको.

मला स्वतःला मूल नाही, लग्न पण नाही. त्याने काही फरक?

शून्य. पेशंट विचारतात, ‘सिस्टर, तुम्हाला किती मुलं?’, तेव्हा हसून विषय बदलायला शिकाल.

रक्त बघून चक्कर आली होती एकदा. मी लायक नाही का?

लायक आहात. उभ्याने, उपाशी, गरम खोलीत, मास्क लावून बघत राहिलं की बऱ्याच जणींना येते. खाऊन जा, गुडघे ताठ ठेवून उभं राहू नका, डोळ्यापुढे काळं आलं तर लाजायचं नाही, भिंतीला टेकून खाली बसायचं, पडून डोकं फोडून घेतलंत तर त्या खोलीत तिसरा पेशंट तयार होतो. हातात काम आलं की बहुतेकींचं थांबतं.

नाइटचीच जागा आहे म्हणतायत. घेऊ?

घ्या, पण एक विचारून. रात्री सिनियर कोण असतं? नवीन मुलींची शिफ्ट सगळी नवीन मुलींचीच असेल तर नको. रात्री राउंड नसतात, गर्दी नसते, सिनियर मोकळी असेल तर तुम्ही दिवसापेक्षा जास्त शिकता. पण ती असायला हवी.

आपण त्यांना काय विचारायचं?

‘काही प्रश्न आहेत का’ म्हटल्यावर ‘नाही मॅडम’ म्हणू नका. विचारा की ओरिएंटेशन किती आठवड्यांचं, शिकवायला एकच सिस्टर असेल की रोज वेगळी, तयारी झाली नाही असं वाटलं तर वाढवून मिळतं का. ॲक्टिव्ह लेबरमध्ये एका सिस्टरकडे किती बाया असतात. रात्री इमर्जन्सी सिझेरियन ठरलं तर भूलतज्ज्ञ आवारात असतात की घरून येतात. ड्रिल घेता का, शेवटचं कधी झालं. इतर वॉर्डात पाठवतात का. उत्तरं देताना कोण कोणाच्या तोंडाकडे बघतंय ते बघा. मागच्या वर्षी किती नवीन मुली घेतल्या आणि त्यातल्या किती अजून आहेत, हा प्रश्न हळूच विचारायचा. त्याचं उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर.

रिजेक्ट झाले. परत तिथेच टाकू का?

टाका. आधी दोन ओळींचा मेल करा, वेळ दिल्याबद्दल आभार आणि काय कमी पडलं ते कळलं तर बरं होईल. उत्तर आलं तर त्यावर काम करा, नाही आलं तरी नाव दिसलं. घेतलेल्या मुलींपैकी एखादी जॉइनच होत नाही, असं सर्रास होतं, आणि मग यादीतल्या पुढच्या नावाला फोन जातो. फोन उचला, अनोळखी नंबर म्हणून कट करू नका.

लागली नोकरी! पहिले काही महिने कसे काढू?

सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे पीव्ही. तुम्ही म्हणणार चार, सिनियर तपासून म्हणणार सहा, आणि आपल्याला हे कधी येणारच नाही असं वाटणार. येतं. बोटांना कळायला वेळ लागतो, पेशंटची परवानगी घेऊन सिनियरच्या मागोमाग तपासा आणि तिचा आकडा ऐकायच्या आधी स्वतःचा मोठ्याने सांगा, नंतर सांगितला तर शिकणं होत नाही. मात्र पाणी गेलेलं असेल तर शिकण्यासाठी परत परत तपासायचं नाही, प्रत्येक तपासणीबरोबर इन्फेक्शनचा धोका वाढतो. आणि वारेची जागा माहीत नसताना रक्त जाणाऱ्या बाईला पीव्ही करायचंच नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

लिहिताना वेळ घड्याळ बघून टाका, अंदाजाने नाही. खोलीतलं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ जुळतंय का हे शिफ्टच्या सुरुवातीला बघून घ्या, पुढे कधी कागद तपासायची वेळ आली की या दोन-चार मिनिटांवरून फार डोकेदुखी होते. शिफ्ट सुरू होताच रिससिटेशनचा कोपरा स्वतः तपासा, बॅगला मास्क लागतोय का, सक्शन चालतंय का, वॉर्मर गरम आहे का. आधीच्या शिफ्टने टिक केलेली असली तरी.

आणि हाक मारत राहा. पहिल्या महिन्यात तुम्ही दहा वेळा उगाच बोलावलंत तर एखादी चिडेल, दुसरी हसेल. अकराव्या वेळी ट्रेस खरंच बिघडलेला असेल आणि त्या दोघी तरीही धावत येतील.

इंटरव्ह्यूला काय घालून जाऊ?

साधं, इस्त्रीचं, ज्यात चालता येईल असं, कारण कधीकधी लगेच युनिट दाखवायला नेतात. केस बांधलेले. आणि नखं कापून जा, नेलपॉलिश काढून. अर्जातलं काही वाचायच्या आधी इन्चार्ज सिस्टरची नजर तिथे जाते.